घरी शिवलेल्या इलॅस्टिक पट्ट्यांबाबत

सदस्यांनो, घोड्याच्या पोटा-पाठीच्या स्नायूंच्या व्यायामासाठी घरी ताणाचे पट्टे (एक पोटाखालून, एक मागच्या मांड्यांमागून) करत असाल तर कापडात विणलेलं रुंद इलॅस्टिक घ्या. सायकलची ट्यूब नकोच. घामाने चिकटते, केस ओढते. टोकं खोगिराखालच्या पॅडला झटक्यात सुटणाऱ्या हुकाने अडकवा. गाठ मारू नका, बिथरलेल्या घोड्याजवळ ती सोडवणार कोण?

ताण साधारण 30 टक्के, म्हणजे 100 सेंमीचा पट्टा 130पर्यंत. मागचा पट्टा शेपटीचं मूळ आणि मागच्या पायाचा हॉक (पायाच्या मध्यावरचा, मागे टोक आलेला सांधा) यांच्या मध्यावर बसावा. वर सरकला तर शेपटीखाली रुततो आणि लाथा सुरू होतात; ढिला पडला तर पायात येतो. नर घोड्याचा पोटपट्टा शिश्नाच्या कातडीला घासत नाही ना, बघा.

पहिल्या दिवशी हाताने धरून नुसती चाल, 5 मिनिटं. आठवड्यातून तीनदा पुरे. पट्टा काढल्यावर केस विस्कटलेले दिसले तर जागा चुकली आहे.