कागदी रणगाडा मुलांच्या हाती द्या

संपादक महोदय,

१९७१ च्या युद्धात आपल्या सैन्याने वापरलेल्या टी-५५ रणगाड्याचा कागदी आराखडा मी स्वतः आखला. १:२५ प्रमाणात ६.४५ मीटरचा सांगाडा सुमारे २६ सेंटिमीटरचा होतो. खरी कसोटी वरच्या, तोफ बसवलेल्या घुमटाकार बुरुजाची! सपाट कागद एकाच दिशेने वळतो, म्हणून तो घुमट पाकळ्या कापूनच जोडावा लागतो. पहिल्या व दुसऱ्या चाकांमधली मोठी फट चुकली, तर तो टी-५५ राहतच नाही. एवढी भूमिती मुले फळ्यावरून शिकत नाहीत. रमण विज्ञान केंद्राने सुटीत अशी कार्यशाळा घ्यावी आणि आपण रविवारच्या पुरवणीत कापून जोडायचा एक आराखडा छापावा. जाड कागद इतवारीत सहज मिळतो.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, महाल, नागपूर