बंदर नसलेल्या बेटावर उतरताना

जेम्सटाउन, सेंट हेलेना
फेब्रुवारी

ती. बाबा आणि आईस सा. न., आजीला नमस्कार, चि. मनूला आशीर्वाद.

जहाज जेम्स बेमध्ये नांगरावर आहे. तब्येत उत्तम, काळजी नसावी. मनूची आमच्या अभ्यास-सफरीच्या पुढच्या तुकडीत निवड झाली हे आईच्या ईमेलमधून कळलं, म्हणून हे पत्र तिच्यासाठी आणि शेवटचा भाग खास बाबांसाठी. अभ्यासाच्या सफरीत बेटावरचा मुक्काम बहुतेक वेळा एका दिवसाचाच असतो. त्यातले तास कसे हातचे निसटतात हे आधी माहीत असलेलं बरं.

सेंट हेलेना दक्षिण अटलांटिकच्या मधोमध, १६ अंश दक्षिणेला आहे. आफ्रिकेचा किनारा सुमारे १९०० किलोमीटरवर. अख्खं बेट १२१ चौरस किलोमीटरचं आणि वस्ती साडेचार हजारांच्या आतबाहेर, म्हणजे मालवण शहरापेक्षा कितीतरी कमी. १६५९ पासून १८३४ पर्यंत बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे होतं. हिंदुस्थानातून इंग्लंडला परतणारी कंपनीची जहाजं इथे पाणी आणि भाजीपाला भरून घ्यायची. असईची लढाई जिंकलेला इंग्रज सेनापती वेलस्ली १८०५ मध्ये मायदेशी जाताना इथेच थांबला होता आणि त्यानंतर दहा वर्षांनी नेपोलियनला इथे कैदेत आणलं.

इथे प्रवाशांचं मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. मालाचा धक्का शेजारच्या रूपर्ट बेमध्ये आहे, पण माणसांनी नांगरावरच्या जहाजातून लाँचमध्ये उतरायचं आणि लाँचमधून धक्क्याच्या पायऱ्यांवर. आजीला हे समजावून सांगायला नको. कोकणच्या बोटी मालवणला बाहेर उभ्या राहायच्या आणि माणसं पडावातून किनाऱ्याला यायची, तसंच.

मनू, आता हे नीट वाच, कारण सगळा दिवस यावर ठरतो. इथे वर्षभर आग्नेयेचा व्यापारी वारा वाहतो. जेम्स बे बेटाच्या वायव्येला आहे, म्हणजे डोंगराच्या आडोशाला. त्यामुळे पाणी गुळगुळीत दिसतं आणि नवखा माणूस निर्धास्त होतो. पण वाऱ्याचा आडोसा म्हणजे लाटेचा आडोसा नव्हे. डिसेंबर ते मार्चमध्ये उत्तर अटलांटिकात हिवाळी वादळं होतात आणि त्यांच्या लांब लाटा थेट याच उघड्या बाजूने आत येतात. इथे त्यांना रोलर्स म्हणतात. लाटेचा आवर्तकाल, म्हणजे एका शिखरामागून दुसरं शिखर यायला लागणारा वेळ, १८ सेकंद असेल, तर तिची ऊर्जा खोल पाण्यातून ताशी सुमारे ५० किलोमीटरने पुढे सरकते, दिवसाला १२०० किलोमीटर. सात हजार किलोमीटरवरचं वादळ इथे पोचायला सहाएक दिवस लागतात. तोवर तिकडचं वादळ विरूनही गेलेलं असतं आणि इथे आभाळ स्वच्छ, वारा मंद. १८४६ च्या फेब्रुवारीत अशाच रोलर्सनी या खाडीत नांगरावर असलेली तेरा जहाजं फोडली. आपल्याकडे पावसाळ्याआधी वारा नसताना दर्या उठतो, त्यामागेही बऱ्याचदा दूर दक्षिणेकडच्या वादळांच्या लाटा असतात. म्हणून किनाऱ्यावर जायच्या दिवशी आकाशाकडे पाहून काही ठरवू नकोस. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत, जाऊन स्वेलची (दुरून येणाऱ्या लांब लाटांची) उंची, दिशा आणि आवर्तकाल विचार. उंची कमी पण आवर्तकाल १५ सेकंदांच्या वर असेल आणि दिशा उत्तर किंवा वायव्य असेल, तर लवकर जा आणि लवकर परत ये. दुपारनंतर लाँच बंद होऊ शकते.

पायऱ्यांवर उतरताना काय होतं ते सांगते. पायऱ्यांच्या वर आडवा दांडा आहे आणि त्याला जाड दोर लोंबत असतात. लाँच लाटेबरोबर मीटरभर वर-खाली होत असते. लाँच चालवणारा तांडेल सांगेपर्यंत बसून राहायचं. दोन्ही हात मोकळे ठेवायचे, पिशवी पाठीवर, नाहीतर आधी वर द्यायची. लाँच वर चढू लागली की दोर धरायचा, आणि ती सगळ्यात वर आली की सरळ पाऊल टाकायचं. त्या क्षणी लाँच आणि पायरी जवळजवळ एका पातळीवर असतात, त्यामुळे उडी मारावी लागत नाही. उडी मारणाऱ्याचा पाय शेवाळावर घसरतो. लाँच खाली जात असताना पाऊल टाकलं, तर एक पाय पायरीवर आणि दुसरा मीटरभर खाली अशी गत होते. लाँचच्या काठावर हात कधीही ठेवायचा नाही, काठ आणि दगड यांच्यामध्ये बोटं चिरडतात. मोबाइल खिशात नको, वॉटरप्रूफ पिशवीत हवा. एक लाट हुकली तर पुढची येते. मागचे घाई करतात म्हणून पाऊल टाकायचं नाही. दर्यावर माणूस पडतो तो बहुतेक वेळा या घाईनेच.

वेळेचा हिशेब उलटा करायचा. शेवटची लाँच पाचची असेल, तर आपली चारची धरायची, आणि वर डोंगरात गेलेल्याने तीनला परतीची वाट धरायची. बेटावरचे रस्ते अरुंद आणि वळणाचे आहेत. चढावर येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा आपल्या घाटातलाच नियम. घड्याळं ग्रीनिचची, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लाँच बंद पडलीच तर रात्र किनाऱ्यावर काढावी लागते, म्हणून रोजची औषधं, एक कोरडा कपड्यांचा जोड आणि पासपोर्टची प्रत जवळ असू दे. वैद्यकीय विम्याचा कागदही. तो नसेल तर बेटावर प्रवेश मिळत नाही.

पैसे रोख पौंडांत आण. बेटाचा पौंड ब्रिटिश पौंडाच्या बरोबरीचा आहे, पण बेटाच्या नोटा बाहेर फारशा कुठे चालत नाहीत, तेव्हा निघण्याआधी खर्चून टाक. एटीएमवर विसंबू नकोस.

आई, तू दिलेली आमसुलं, सुकट आणि लाडू जहाजावरच राहिले. फळं, बिया, माती, मध यांवर इथे कडक बंधन आहे. मधाचं कारण मोठं आहे. इथल्या मधमाश्यांना बाहेरचे रोग लागलेले नाहीत आणि एका बाटलीतूनही ते येऊ शकतात. मनू, बुटांच्या तळव्यांत अडकलेली माती ब्रशने धुऊन काढ आणि मोज्यांत, वेल्क्रोत अडकलेली कुसळं वेचून काढ. इथली कितीतरी झाडं आणि किडे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत, आणि बाहेरून आलेल्या वनस्पतींनी डोंगरमाथ्याचं जंगल आधीच खाऊन टाकलंय.

जमिनीवर पाय ठेवल्यावर जमीन डुलते. तोल सांभाळणारा मेंदू जहाजाच्या हालचालीला सरावलेला असतो, त्यामुळे स्थिर जमीनच त्याला परकी वाटते. हे बंद खोलीत आणि डोळे मिटल्यावर जास्त जाणवतं. पहिला तासभर उघड्यावर चाल, दूर बघ. उतरल्या उतरल्या जेकब्ज लॅडर चढायला जाऊ नकोस. ६९९ पायऱ्या आहेत, सरळ डोंगरावर, मध्ये वळण नाही. १८२९ मध्ये माल ओढून वर न्यायच्या तिरक्या रूळमार्गासाठी बांधलेली ही वाट आहे. पायऱ्या आपल्या घरच्या जिन्यापेक्षा उंच आहेत. चढताना दम लागतो एवढंच, खरा त्रास उतरताना. पोटऱ्या आणि मांड्या थरथरायला लागतात आणि पुढे तेच पाय लाँचमध्ये तोल सांभाळायला लागणार असतात. माझं मत विचारशील तर गाडीने वर जा, लाँगवुडला नेपोलियनचं घर बघ आणि लॅडरला पायथ्याशी उभं राहून नमस्कार कर. वर जाताना पातळ जॅकेट घे. जेम्सटाउन कोरडं आणि गरम, पण लाँगवुड पाचशे मीटरच्या वर आहे, तिथे ढग अंगावरून जातात. गव्हर्नरच्या बंगल्याच्या, प्लँटेशन हाउसच्या हिरवळीवर जोनाथन नावाचं कासव आहे, जन्म अंदाजे १८३२ चा. लांबून बघायचं, हात लावायचा नाही. गावात साळुंक्या मात्र अगदी आपल्याच, तोच कलकलाट. त्याही बाहेरून आणून सोडलेल्या आहेत.

परत जहाजावर जाण्याआधी तासभर मळमळीची गोळी घे, पोट भरून जेवू नकोस. एक दिवस जमिनीवर काढला की समुद्र पुन्हा नव्याने लागतो.

बाबा, आता तुमच्यासाठी. २०१६ मध्ये बेटाभोवतीचा २०० सागरी मैलांचा सगळा पट्टा, साडेचार लाख चौरस किलोमीटरच्या आसपास, संरक्षित जाहीर झाला. मासेमारी बंद केलेली नाही, पण कुपा (ट्यूना) पकडायचा तो एकेक करूनच, काठी-दोरीने किंवा गळाने. काठी-दोरीच्या पद्धतीत जिवंत आमिष पाण्यात फेकून थवा जवळ आणतात, मग आखूड दोरीच्या काठीने एकेक मासा उपसून थेट डेकवर. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे दोरी सैल पडली की मासा आपोआप सुटतो आणि गळ लगेच परत पाण्यात जातो. अडचण आमिषाची. ते लहान मासे टाकीत जिवंत ठेवायचे तर पाणी सतत बदलावं लागतं. पाणी अडलं की आमिष मरतं, आणि मेलेल्या आमिषाने थवा टिकत नाही.

आपल्याकडे त्याच वर्षीच्या आदेशाने पर्ससीनला, म्हणजे थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याला, महिने आणि हद्द ठरवून दिली. पण रात्री समुद्रात मैल कोण मोजणार आणि बोट हद्दीच्या आत होती हे दाखवणार कोण? इथल्या नियमाची ताकद मला इथेच दिसते. बोट धक्क्याला आली की त्यात काठ्या आहेत की जाळं, हे कुणालाही दिसतं. हे जसंच्या तसं मालवणात चालणार नाही. आपला समुद्र उथळ, मासळी मिसळलेली, आणि दांडीच्या किनाऱ्यावरून ओढायची रापण काठीवर कशी जगेल? पण ‘कुठे आणि कधी’ऐवजी ‘कशाने’ यावर नियम बांधायचा, ही मागणी मच्छिमार सोसायटीच्या बैठकीत मांडण्यासारखी आहे. तुम्ही आणि काकांनी यावर बोलावं असं मनापासून वाटतं.

उद्या सकाळी नांगर उचलणार. पुढे असेन्शन बेट, वायव्येला सुमारे १३०० किलोमीटर. जहाजाच्या ईमेलवर फोटो जोडू नका, नुसता मजकूर पाठवा. मोठी फाइल आली की सगळ्यांचंच टपाल अडकून राहतं. मनू, बूट घेशील ते घोट्यापर्यंतचे, रबरी तळव्याचे घे, आणि निघायच्या आधी महिनाभर घालून चाल.

तुमची
ताई