सीए-१२५ पॅकेजमधून काढा

मा. संपादक,
स.न.

इंदूरमध्ये हल्ली महिलांच्या तपासणी पॅकेजांत सीए-१२५ ही अंडाशयाच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी सर्रास घातलेली असते. काही त्रास नाही, घरात कुणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर नाही, अशा बाईने ही तपासणी करूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला : दरवर्षी तपासूनही मृत्यू घटले नाहीत.

मर्यादा ३५ युनिटची. पण पाळी चालू असताना, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाचे अस्तर बाहेर वाढणे), फायब्रॉइडमध्येही (गर्भाशयाच्या साध्या गाठी) आकडा ती ओलांडतो. पोटाच्या टीबीत तर पोटात पाणी आणि आकडा शेकड्यांत. बायोप्सीशिवाय टीबी की कॅन्सर, हा फरक कळत नाही. उलट अंडाशयाच्या कॅन्सरच्या पहिल्या टप्प्यातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत तो नॉर्मलच येतो. म्हणून पोट सतत फुगणे, दोन घासांत पोट भरणे, वारंवार लघवी असे दोन-तीन आठवडे चालले, तर नुसत्या आकड्यावर विसंबू नये, सोनोग्राफी करावीच. तरुण मुलीच्या अंडाशयात घट्ट गाठ दिसली तर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या हव्यात. तिथे एकटी सीए-१२५ दिशाभूल करते.

ही तपासणी खरी कामाची उपचार सुरू झाल्यावर. ऑपरेशनपूर्वी एकदा, मग केमोच्या प्रत्येक सायकलआधी. मात्र देवास, धार, खरगोनहून येणाऱ्या बायकांच्या फायलीत तीन लॅबचे तीन रिपोर्ट असतात, आणि कंपनी बदलली की किट (तपासणीची रसायने) बदलते, आकडाही बदलतो. ते एका ओळीत मांडून चढ-उतार काढणे चूक. ऑपरेशननंतर काही आठवडे पोटातल्या जखमेमुळेच आकडा चढलेला राहतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या काही मशिनांवर निकाल बिघडवतात. घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा.

१८ चे २४ झाले म्हणजे आजार उलटला नव्हे. नॉर्मल झालेला आकडा ७० च्या वर जाऊन पुन्हा तपासल्यावरही तसाच आला, तर मात्र डॉक्टर स्कॅनचा विचार करतात. केवळ आकडा वाढला म्हणून आधीच केमो सुरू केल्याने आयुष्य वाढत नाही, हे २०१० च्या युरोपीय अभ्यासात दिसले आहे. धास्तावलेल्या नातेवाइकांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवे.

लॅबचालकांना विनंती : पॅकेजमधून ही तपासणी काढा आणि रिपोर्टवर मशिन व किटचे नाव ठळक छापा. नमुना बाहेर पाठवत असाल तर कुठे, तेही लिहा.

— काही पॅथॉलॉजिस्ट, रामबाग, इंदूर