पुलावर भेटलेल्या ताईंचे आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या संध्याकाळी आपण पुलाच्या कठड्याशी ट्रायपॉड लावून उभ्या होतात आणि शेजारी मी हातातच कॅमेरा धरून नदीपलीकडच्या दिव्यांचे फोटो काढत होतो. निघताना आपले नाव विचारायचे राहून गेले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे.

माझा फोटो पाहून आपण आधी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता सांगणारा आकडा, विचारलात. तो 6400 होता आणि शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याची वेळ, 1/4 सेकंदाचे. साहजिकच आकाशभर रंगीत दाणे उमटले होते आणि हात हलल्यामुळे प्रत्येक दिव्याला शेपूट फुटले होते. आपण स्वतःचा कॅमेरा उतरवून ट्रायपॉडवर माझा चढवलात, अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र) एफ/8 वरच ठेवून आयएसओ 100 केला, शटर 16 सेकंदांवर नेले, आणि आयएसओ 64 पटींनी उतरला की वेळ तेवढ्याच पटींनी वाढवायची, म्हणजे फोटोचा उजेड तोच राहतो, हे शांतपणे समजावलेत. बटण दाबतानाचा धक्काही लागू नये म्हणून 2 सेकंदांचा सेल्फ-टायमर लावलात.

मला सर्वांत अधिक छळणारी गोष्ट मात्र वेगळीच होती. माझ्या कार्डातल्या जुन्या फोटोंत, जिथे एकही दिवा नव्हता अशा काळ्या आकाशात, हिरवट ठिपके दिसत, आणि लेन्समध्येच दोष आहे अशी माझी कित्येक महिने खात्री होती. आपण एक फोटो मोठा करून दाखवलात, की कोणत्याही ठिपक्यापासून चित्राच्या मध्यबिंदूतून सरळ रेघ ओढली, तर पलीकडे तेवढ्याच अंतरावर एक प्रखर दिवा सापडतो. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरून, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरून, परतलेला प्रकाश लेन्सपुढच्या सपाट फिल्टरच्या काचेवर आदळून पुन्हा आत येतो, आणि ठिपके म्हणजे त्या दिव्यांचीच उलटी प्रतिमा असते. मी फिल्टर काढला. त्यानंतर तो ठिपका मला एकदाही दिसलेला नाही, आणि या एका उलगड्यासाठी मी आपला कायमचा ऋणी आहे.

पूर्ण अंधाराची वाट पाहू नका, असेही आपण बजावलेत. सूर्यास्तानंतर साधारण 20 ते 30 मिनिटांनी आकाश गडद निळे असते आणि दिवेही लागलेले असतात, तेव्हा दोन्हींच्या तेजातली तफावत कॅमेऱ्याला पेलते; पुढे आकाश काळे पडते, इमारतींच्या कडा त्यात बुडतात, आणि कॅमेऱ्याचे प्रकाश मोजणारे मीटर त्या काळोखालाही करडे करू पाहत असल्याने दिवे पांढरेफटक होतात. म्हणून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) पाहून एक्सपोजर, म्हणजे फोटोला मिळणारा उजेड, थोडे कमी ठेवायची सवय आता मी लावून घेतली आहे.

त्यानंतर मी अनेकदा त्याच पुलावर गेलो, सूर्यास्ताच्या आधी पोहोचून जागा धरली, आणि दर वेळी तो निळा रंग पाहता पाहता निसटताना अनुभवला. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की आपण आपला कॅमेरा उतरवून ठेवलात तो नेमका त्याच मिनिटांत, आणि तो पुन्हा ट्रायपॉडवर चढला तेव्हा आकाश काळे झाले होते. त्या संध्याकाळचा 16 सेकंदांचा फोटो माझ्याकडे आहे. त्याची छापील प्रत मी आपल्यासाठी काढून ठेवली आहे आणि पुलावर जाताना ती नेहमी बॅगेत ठेवतो.

आपला कृतज्ञ,
शेजारी उभा असलेला छायाचित्रकार