माळ्यावरच्या गणिताच्या कागदांसाठी आवाहन

नमस्कार.

पुण्यात ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबा गणित शिकवत होते, अशा कुटुंबांना आमच्या गणित शिक्षक मंडळाची कळकळीची विनंती आहे. माळा आवरताना त्यांचे कागद रद्दीत घालण्याआधी एकदा आम्हाला दाखवा.

४ एप्रिल १९०७ रोजी मद्रास इलाख्यातले डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांच्या पुढाकाराने ‘अ‍ॅनालिटिक क्लब’ सुरू झाला. तीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. परदेशी नियतकालिके आणि नवे ग्रंथ एकट्याला परवडत नसत, म्हणून सर्वांनी वर्गणी काढून ती मागवायची आणि वाचून झाली की टपालाने पुढच्या सभासदाकडे धाडायची, अशी योजना होती. या ग्रंथसंग्रहाला घर मिळाले ते पुण्यात. रँग्लर परांजपे तेव्हा फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. त्यांनी कॉलेजात जागा दिली. देशभरच्या सभासदांची पुस्तके पुण्याहून निघत आणि पुण्यालाच परत येत.

१९१० साली रामानुजन कारकुनाची नोकरी मागायला याच अय्यरांकडे गेले. त्यांची वही पाहिल्यावर अशा माणसाला महसूल खात्याच्या कारकुनीत अडकवणे अय्यरांना पटेना. नोकरीऐवजी त्यांनी मद्रासच्या गणिती स्नेह्यांच्या नावे चिठ्ठ्या दिल्या. १९११ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये रामानुजनांचा बर्नुली संख्यांवरचा (बर्नुली या गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांवरचा) पहिला शोधनिबंध छापून आला. त्याच वर्षी त्यांनी वाचकांना एक प्रश्न घातला. एकात एक बसवलेली, कधीच न संपणारी वर्गमुळे: पहिल्या वर्गमुळात एक अधिक दोन गुणिले दुसरे वर्गमूळ, त्यात एक अधिक तीन गुणिले तिसरे वर्गमूळ, त्यात एक अधिक चार गुणिले... याची किंमत किती? महिने गेले, कोणाचेच उत्तर आले नाही. शेवटी रामानुजनांनीच ते दिले: ३.

त्या महिन्यांत पुण्यातल्या एखाद्या प्राध्यापकाने या प्रश्नावर पाने खरडली असतील, तर ती चुकलेली, अर्ध्यावर सोडलेली पाने आम्हाला हवी आहेत. छापील अंक कुठे ना कुठे टिकतात, असली पाने टिकत नाहीत. सोसायटीचा ग्रंथसंग्रह स्वातंत्र्यानंतर मद्रासला रामानुजनांच्या नावाच्या गणित संस्थेत गेला आणि तिथे तो योग्य जागी आहे. पण सभासदांच्या घरची पत्रे, पोस्टकार्डे, वर्गणीच्या पावत्या, संमेलनांचे फोटो, समासात पेन्सिलीने आकडेमोड केलेली पुस्तके त्याच्याबरोबर थोडीच गेली? ती असलीच तर आपल्याच ट्रंकांमध्ये असणार.

कागद कायमचे द्यावे लागणार नाहीत. आम्ही ते स्कॅन करून, पोच देऊन, परत करू. एक विनंती: फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. ते जसे आहेत तसे आणा. उचलणे अवघड असेल तर आम्ही घरी येऊ.

या कामाला पैसाही लागणार आहे. पुस्तकाची बांधणी न मोडता पाने टिपणारा स्कॅनर आणि आम्लरहित कागदाच्या पेट्या घ्यायच्या आहेत. देणगी कितीही असो, पावती मिळेल आणि प्रत्येक महिन्याचा हिशेब मंडळाच्या फलकावर लागेल. ज्यांना जुने इंग्रजी हस्ताक्षर वाचता येते, त्यांनी रविवारी सकाळचे दोन तास दिले तर फारच मदत होईल. निवृत्त शिक्षकांनी तर नक्की यावे, कारण कोणते चिटोरे कोणत्या प्रश्नाचे, हे तुम्हालाच ओळखता येईल.