काकू, तुमची डीव्हीडी परत पाठवतोय

ती. काकूंना साष्टांग नमस्कार,

हे खरं तर फोनवर सांगायचं होतं. पण आभाराचं पहिलं वाक्य काढलं की तुम्ही "पुरे रे, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितोय, आणि तेही चारचौघांत, कारण 'समव्हेअर इन टाइम' या तुमच्या आवडत्या इंग्रजी सिनेमाची टिंगल मी चारचौघांतच केली होती. गेल्या कोजागरीला, तुमच्याच घरी, तुम्हीच आटवलेलं दूध पीत.

त्या रात्री मी भलताच रंगात आलो होतो. जळून खाक झालेल्या हिंडेनबर्गने हवाई जहाजांचं जे केलं तेच या सिनेमाने कालप्रवासाचं केलं, हा 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक विन्सेंट कॅन्बी यांचा टोला मी स्वतःचाच असल्यासारखा ऐकवला. मग घड्याळ काढलं. १९७२ साली एक म्हातारी नायक रिचर्डच्या हातात घड्याळ ठेवते, काही वर्षांनी तो ते घेऊन १९१२ मध्ये जातो, तिथे ते त्याच्या प्रेयसीपाशी, एलिसपाशी राहतं, आणि साठ वर्षांनी तीच म्हातारी होऊन त्याला देते. मग ते घडवलं कुणी, कुठल्या घड्याळजीने? सगळे हसले. तुम्ही माझ्या पेल्यात दूध ओतत म्हणालात, "आवडलं ना? मग गाईची चौकशी कशाला?"

फेब्रुवारीत बाबा गेले. मे महिन्यात आईला इकडे मिशिगनमध्ये, नोव्हायला घेऊन आलो. ती रडत नव्हती, हेच अवघड होतं. भांडी घासायची, कपड्यांच्या घड्या घालायची, खिडकीशी बसायची. बोलणं म्हणजे "हो", "नको" आणि "चालेल". बाबांचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जायची. आम्ही तिला मॉल दाखवले, तळी दाखवली. सगळं चालेल.

मग एका शनिवारी तुम्ही शेंगदाण्याची चटणी आणि ही डीव्हीडी घेऊन आलात. मी मनात म्हटलं, नुकतीच विधवा झालेल्या बाईला हा सिनेमा? आणि तोही इंग्रजी? तुम्ही रिमोट हातात घेतलात आणि दर दोन मिनिटांनी सिनेमा थांबवून आईला मराठीत सांगायला लागलात. पावणेदोन तासांच्या सिनेमाला साडेतीन तास लागले.

पहिल्याच प्रसंगातल्या म्हातारीचं वाक्य तुम्ही सांगितलंत, "परत ये हं." पुढे १९१२ मध्ये, तळ्याकाठी झाडांखाली, तरुण एलिस त्याला पहिल्यांदा बघते, तेव्हा म्हणालात, "तुम्हीच का ते?" आई एकदम म्हणाली, "मघाशी अरे-तुरे करत होती ना?" तुम्ही म्हणालात, "वहिनी, मघाशी ती त्याला साठ वर्षं ओळखत होती. इथे पहिलीच भेट आहे." इंग्रजीत हे कळायला जागाच नाही, तिथे सगळ्यांना एकच 'यू'. मी हा सिनेमा दोनदा बघितला होता, काकू. दोन्ही वेळा घड्याळाकडेच बघत बसलो.

संगीतकार रचमनिनॉफच्या सुरावटीपाशीही तुम्ही थांबलात. रिचर्ड ती गुणगुणतो, एलिस म्हणते ऐकली नाही कधी. कशी ऐकेल, ती रचना १९३४ची. समीक्षक ज्या सिनेमाला भोळसट म्हणाले, त्यात हा हिशेब मात्र चोख आहे.

मग नाण्याचा प्रसंग आला. जुना सूट, जुन्या नोटा, सगळी तयारी करून गेलेला माणूस. खिशात १९७९चं एक सेंटचं नाणं राहून गेलेलं. गमतीत खिसे दाखवता दाखवता ते हाताला लागतं आणि तो एलिसपासून आपल्या काळात ओढला जातो, कायमचा. तुम्हाला काही सांगावंच लागलं नाही. आई ताडकन उठली. "खिसे नको का बघायला? बाई असती घरात तर बघितले असते!"

आणि मग ती बोलायला लागली. चाळीस वर्षं धुणं भिजवण्याआधी ती बाबांचे खिसे रिकामे करत आली. खडूचे तुकडे, सुपारी, एसटीची तिकिटं. एकदा खडू तसाच राहिला आणि बादलीतलं पाणी दुधासारखं झालं, त्यावरून दोन दिवस अबोला. त्यात बाबांची नक्कलही केली. पडद्यावर तो रिचर्ड ओढला जाता जाता तसाच थिजून उभा होता, आणि तुम्ही रिमोट मांडीखाली सरकवून ठेवला होतात. ते मी पाहिलं.

सिनेमा जिथे चित्रित झाला त्या मॅकिनॉ बेटावर जायचं तिनेच काढलं. (लिहितात मॅकिनॅक, म्हणतात मॅकिनॉ, दहा वर्षं मिशिगनमध्ये राहून मी चुकीचंच म्हणत होतो.) बेटावर १८९८पासून मोटारींना बंदी. सिनेमात रिचर्ड मोटारीने हॉटेलात येतो, त्यासाठी खास परवानगी काढावी लागली होती, हे तुम्ही बोटीवर सांगितलंत. धक्क्यावर उतरताच लिदीचा वास आला आणि आई खुशीत म्हणाली, "मिरज स्टेशनचे टांगे!" पण सिनेमातल्या त्या ग्रँड हॉटेलच्या दोनशे मीटर लांब व्हरांड्यात बाहेरच्यांनी पाय ठेवायचा तर तिकीट, हे कळल्यावर तिने नकार दिला. ओसरीवर बसायला पैसे? मग तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानिशी आम्हाला काठावरच्या त्या दगडाशी नेलंत. २७ जून १९१२ रोजी रिचर्ड आणि एलिस इथे भेटले, असं त्यावर कोरलंय, जणू खरंच घडलं होतं. आईने दगडावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तुझ्या बाबांनी मला बघितलं ते सांगलीत, मामाच्या घरी. तिथे कोण दगड लावणार?" आणि हसली.

१९८०च्या ऑक्टोबरात सिनेमा आला तेव्हा नटांचा संप चालू होता. नायक-नायिका क्रिस्टोफर रीव्ह आणि जेन सेमूर यांना जाहिरातीसाठी फिरताही आलं नाही. थिएटरातून तो लवकरच उतरला. मग केबलवर आणि व्हिडिओवर लोकांनी त्याला उचलून धरलं, १९९०मध्ये बिल शेपर्डनी चाहत्यांची संघटनाच काढली. पटकथेबद्दलचं माझं मत अजून बदललेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. शेवट जरा जास्तच गोड आहे आणि घड्याळ अजूनही मला छळतं. पण ती दुपार तुम्ही दिलीत, ती मला माझ्या अकलेने जमली नसती.

डीव्हीडीच्या डबीची एक खिट्टी माझ्याकडून तुटलीय, रागावू नका. आई सुखरूप पोचली. काल फोनवर विचारत होती, दर ऑक्टोबरात त्या हॉटेलात लोक जुने पोशाख घालून जमतात, तिथे नऊवारी चालेल का. तुम्ही तेवढी चौकशी करून ठेवा. विमानाचं तिकीट मी काढतो, आणि ओसरीचंही.

तुमचा,
घड्याळवाला