पोटावरची पिशवी तालुक्याच्या दवाखान्यात मिळू द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

टायफॉइडने माझं आतडं फुटलं. रातोरात ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी जीव वाचवला. लहान आतड्याचं तोंड पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढून त्यावर पिशवी लावली. याला आयलिओस्टॉमी म्हणतात. टीबी, कॅन्सर अशा आजारांतही ती करावी लागते. काहींचं आतडं काही महिन्यांनी पुन्हा जोडतात, काहींना पिशवी जन्मभर राहते. माझं ऑपरेशन महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं, त्याबद्दल मनापासून आभार. पण साहेब, योजनेतली मोफत देखभाल सुट्टी झाल्यापासून १० दिवसांची आहे आणि पिशवी रोजच लागते.

लहान आतड्यातून जे येतं ते पातळ असतं, त्यात अन्न पचवणारे रस असतात. ते कातडीला लागलं की कातडी सोलून निघते. म्हणून पिशवी बसवणं नीट जमावं लागतं. मी ती पहाटे बदलते, चहा घ्यायच्याही आधी, कारण तेव्हा आतडं जरा शांत असतं. जुनी चकती, म्हणजे पिशवीचा कातडीला चिकटणारा भाग, कोमट पाण्याने हळूहळू सोडवायची, सुती फडक्याने टिपून कातडी कोरडी करायची. तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये, मग चकती चिकटत नाही. आतड्याच्या तोंडाचं माप घ्यायचं आणि चकतीचं भोक त्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापायचं. पहिले दीड-दोन महिने सूज उतरत जाते, तसं मापही बदलतं. हे घरी सोडताना हाताने करून दाखवायला हवं. मला कोणी दाखवलं नव्हतं, आणि पोटाच्या कातडीची आग सोसत मी रात्री काढल्या.

चांगली बसली तर पिशवी तीन-चार दिवस टिकते. आमच्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, पारा ४५ च्या वर जातो, घामाने दुसऱ्याच दिवशी कड सुटते. त्यात परकराची नाडी नेमकी त्या तोंडावर येते. वावरात वाकून निंदण केलं की पिशवी दाबली जाते आणि बाजूने गळते. एक पिशवी म्हणजे माझी एक दिवसाची मजुरी. ती मिळते जिल्ह्याच्या ठिकाणी, एखाद्या मेडिकलात, तेही मागवून ठेवली तर. मग लोक काय करतात? तीच पिशवी धुऊन पुन्हा लावतात. प्लॅस्टिकची साधी पन्नी पोटाला सुतळीने बांधलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. त्या माणसाच्या पोटाची कातडी पाहवत नव्हती.

अंगातलं पाणी आणि मीठ राखायचं काम मोठं आतडं करतं. आमची वाट त्याच्या आधीच वळवलेली, म्हणून नुसतं पाणी पिऊन भागत नाही, मीठ-साखरही पोटात जावी लागते. उन्हाळ्यात पाय वळतात, चक्कर येते, लघवी कमी होते. ओआरएसची पुडी आशाताईंकडे असते, पण ती जुलाबाच्या लेकरांसाठी म्हणून मोजून मिळते. आमच्यासाठीही ती मिळावी, एवढी सूचना गेली तरी पुष्कळ झालं.

केंद्राने १८ जुलै २०२२ पासून या पिशव्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. चांगलं केलं. पण जी वस्तू तालुक्यात मिळतच नाही, तिचा कर कमी होऊन मजुराच्या हाती काय येणार? २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांतही आम्ही नाही, म्हणजे त्या वाटेनेही मदत नाही.

तेव्हा मागणी सरळ आहे. ऑपरेशन योजनेतून होतं, तर पिशव्याही त्याच योजनेतून द्या, आतडं पुन्हा जोडेपर्यंत आणि ज्यांचं जोडता येत नाही त्यांना जन्मभर. महिन्याला दहा, उन्हाळ्यात थोड्या जास्त. या पिशव्या ग्रामीण रुग्णालयात मिळाव्यात आणि तिथल्या एका तरी सिस्टरला पिशवी बसवणं, कातडी सांभाळणं शिकवलेलं असावं. एसटी स्टँडवरच्या बायकांच्या संडासात नळाला पाणी असावं. पिशवी दिवसातून पाच-सहा वेळा रिकामी करावी लागते आणि पाणी नाही म्हणून मी प्रवासात उपाशी राहते.

डिसेंबरात अधिवेशनासाठी आपण नागपूरला याल. तेव्हा आम्हा पिशवीवाल्यांना भेटीची वेळ द्या, आणि जमलं तर त्याच अधिवेशनात पिशव्यांचा शासन निर्णय जाहीर करा.

आपली नम्र,
एक शेतमजूर बाई
ता. घाटंजी, जि. यवतमाळ